बिहीची नेग्रोनी

फ्लोरेन्सजवळच्या प्रातो गावात लोरिआनो ग्वार्दुच्चीबद्दल बोलायचं झालं तर लोक आधी त्याच्या नाकाबद्दल बोलत आणि मग त्याच्याबद्दल. त्याच्या बायकोबद्दल बोलायची वेळच येत नसे. ती आहे, एवढंच लोकांना ठाऊक होतं. फोस्का तिचं नाव. ही हकीकत तिची आहे, कारण जे झालं ते तिनं केलं, आणि खरं सांगायचं तर गप्प बसून केलं.

फोस्का पंधराव्या वर्षी चिंध्यांच्या शेडमध्ये कामाला लागली. जगभरचे जुने कपडे गाठोडी बांधून प्रातोत येत, आणि त्यांची पुन्हा लोकर होऊन नवं कापड निघे. शेडमध्ये बायका बुटक्या स्टुलांवर ओळीनं बसत. बटणं, अस्तरं, शिवणी कापून टाकायच्या, आणि कापड दोन बोटांत धरून लोकर कुठली, तिच्यात भेसळ किती, ते ओळखून ढिगात भिरकवायचं. फोस्काला ते न बघता कळे. पण तिच्या बोटांचं कौतुक करायला शेडमध्ये कोण येणार होतं? लोकरीचं तेल, धूळ आणि कधी न पाहिलेल्या माणसांचा घाम अंगात मुरे, आणि साबणानं तो वास वरवरचाच जाई. गावातल्या निम्म्या बायकांना तो वास होता आणि त्यावरून कुणी कुणाला बोलत नसे.

लोरिआनो बोलत असे. नेदोच्या बारमध्ये तो बावीस वर्षांचा असताना उभा राहिला आणि मग तिथून हललाच नाही. पांढरं जाकीट, मागे चापून बसवलेले केस, आणि काउंटरच्या आतली तीन पावलं जागा. तिथं उभा असला की तो सहा फुटांचा वाटे. नेग्रोनी तर प्रातोतला कुठलाही गाढव करू शकतो, जिन, व्हर्मूथ म्हणजे मसाल्याची गोड वाइन, आणि कडवट लाल बिटर सारख्या मापानं घ्यायचं आणि वर संत्र्याची फोड. पण लोरिआनो प्रत्येक बाटलीला आधी नाक लावी. व्हर्मूथ उघडून चार दिवस झाले की पाच, ते तो वासावर सांगे आणि पाचवा दिवस असला तर बाटली मोरीत ओती. लोकांना हे आवडे. लोकांना त्याहून त्याचा खेळ आवडे. तो डोळे मिटून उभा राही, कुणीतरी आत येई, आणि लोरिआनो सांगे, हा न्हाव्याकडून आलाय, हा बहिणीकडे मासे खाऊन आलाय. एकदा त्यानं एका माणसाला भर गर्दीत सांगितलं की तू घरून आलेला नाहीस, हा साबण तुझ्या बायकोचा नव्हे. त्या माणसाचा संसार वसंतापर्यंतसुद्धा टिकला नाही. ही गोष्ट लोरिआनो पुढे वीस वर्षं सांगत होता आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसत होता.

घरी त्यानं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात नियम घालून दिला. फोस्कानं कामावरून आल्यावर जिन्यातच कपडे उतरवून पोत्यात टाकायचे, जिन्याखालच्या मोरीत गार पाण्यानं अंग धुवायचं आणि मग वर यायचं. जानेवारीतसुद्धा. माझ्या नाकावर आपलं घर चालतं, तो म्हणे. पहिली काही वर्षं फोस्काला ते पटलं होतं, आणि पुढे स्वतःवर तिला सगळ्यात जास्त राग आला तो या पटण्याचाच. वर आल्यावरही तो मानेशी वाकून हुंगे. कधी म्हणे, अजून येतोय. मग ती पुन्हा खाली जाई. तुमच्या शेडमधल्या धुळीनं तुझं नाक मेलंय म्हणून तुला कळत नाही, हेही तो वर सांगे.

बारला पंचवीस वर्षं झाली तेव्हा नेदोनं सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. फोस्कानं निळा पोशाख शिवून घेतला, दोनदा अंघोळ केली, बाजारातून सेंटची बाटली आणली. ती दारातून आत गेली तेव्हा खेळ रंगात आला होता आणि लोरिआनोचे डोळे मिटलेले होते. लोकांनी तिला बघितलं, एकमेकांना खुणावलं आणि गप्प राहिले. लोरिआनोनं मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या आणि सांगितलं, जुन्या ओव्हरकोटांचं गाठोडं आलंय, मशीनचं तेल आणि वर बाजारातलं स्वस्त सेंट. सगळे इतके हसले की कप वाजले. त्यानं डोळे उघडले, बायकोला बघितलं, आणि क्षणभर थांबून तोही हसला. तो थांबला नसता तर तिनं एक वेळ माफ केलं असतं. त्यानंतर ती बारच्या दारातून कधी आत गेली नाही.

असं आयुष्य चाललं होतं. मूल झालं नाही. नेदो वारला आणि बार त्याच्या मुलीकडे, सामान्ताकडे आला. फोस्का शेडमधून निवृत्त झाली आणि तरीही सवयीनं जिन्यात चपला काढत राहिली. मग एका नोव्हेंबरात लोरिआनो बारच्या तळघरात बाटल्या आणायला गेला, ओल्या पायरीवरून घसरला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. चार टाके पडले. पाचव्या दिवशी फोस्कानं त्याच्यापुढे कॉफी ठेवली तेव्हा तो कपाकडे बघत बसला. मग उठून त्यानं कपाटातून लसूण काढला, चिरला, नाकाला लावला, बोटांनी चुरडला. तोंड त्याचं पांढरं पडलं होतं.

डॉक्टर म्हणाला, आतली बारीक तार तुटते असं समजा, जिभेला गोड-कडू कळेल, वास मात्र परत येईलच असं सांगता येत नाही. लोरिआनोनं घरी येऊन दार लावलं आणि फोस्काला खुर्चीवर बसवून तिचे डोळे बांधले. मग एकेक वस्तू तिच्या नाकाखाली धरत गेला. संत्रं, रोजमेरी, काल उघडलेली वाइन, मागच्या आठवड्यात उघडलेली वाइन. तिनं एकही चुकवली नाही. चाळीस वर्षं चिंध्यांत काढून हिचं नाक शाबूत आणि आपलं गेलं, ही गोष्ट त्याला पडण्यापेक्षाही जास्त लागली, हे तिला डोळ्यांवरच्या फडक्यातूनही कळलं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

त्या दिवसापासून रोज चार वाजता फोस्का बारच्या मागच्या आवारात जाऊ लागली. रिकाम्या क्रेटांच्या आड ती उभी राही, लोरिआनो मागच्या दारानं लहान ग्लास घेऊन येई, ती वास घेऊन सांगे. व्हर्मूथ उतरलाय, टाकून दे. संत्री चांगली आहेत. ही जिन वेगळ्या खेपेची आहे, जुनीपरच्या बोरांचा वास कमी आहे. तो आत जाऊन तेच स्वतःचं म्हणून सांगे. डोळे मिटायचा खेळ त्यानं वयाचं निमित्त करून बंद केला. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही, कारण फोस्का एकदाही चुकली नाही आणि एकदाही खोटं बोलली नाही. तिच्या शब्दावर तो काउंटरच्या आत उभा होता. त्याबद्दल त्यानं तिला कधी एक बरा शब्द दिला नाही, पण मानेशी वाकून हुंगणं मात्र आता बंद झालं होतं, आणि तेवढ्यावर ती बाई सुखी होती.

पुढच्या सप्टेंबरात सामान्तानं त्याला समोर बसवलं. फ्लोरेन्समध्ये आता प्रत्येक बार नेग्रोनीत आपापलं फळ घालतो, कुणी स्ट्रॉबेरी, कुणी पीच, कुणी डाळिंब. आपल्यालाही एक हवं. ती त्याच्याशी नेहमी तुम्ही म्हणून बोले, लहानपणापासून काउंटरवर त्यालाच बघत आली होती, पण हिशेबाला बापाहून कडक होती. तिनं स्पष्ट सांगितलं की सात डिसेंबरला संध्याकाळी ती नवी नेग्रोनी लोकांपुढे येईल, वर्तमानपत्रातली बाई येईल. लोकांना आवडली तर तुम्ही आहात तिथं आहात, जितकी वर्षं उभं राहवेल तितकी. नाही आवडली तर नवीन वर्षापासून फ्लोरेन्सचा एक माणूस येतोय, तुम्ही आता आराम करा.

लोरिआनोनं घरी येऊन हे सांगितलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फोस्कानं त्याला असं पहिल्यांदाच बघितलं. काउंटर गेलं तर हा माणूस कुठं ठेवायचा, हा प्रश्न तिलाही पडला. फळ त्यानंच ठरवलं. बिही. त्याच्या वारलेल्या आईच्या, आर्जाच्या, डोंगरातल्या घरामागे विहिरीपाशी बिहीचं झाड होतं. बिही म्हणजे नासपतीसारखं दिसणारं कडक फळ, कच्ची खाता येत नाही, तोंड आवळतं. पण पिकली की एका फळानं खोली भरून वास सुटतो, म्हणून आमच्याकडे बायका ती खायच्या आधी महिनाभर चादरींच्या कपाटात ठेवतात. चादरींना वास लागतो, फळ अंधारात पिवळं होतं. लोरिआनोनं आईला तसं करताना लहानपणापासून बघितलं होतं. ऑक्टोबरात त्यानं दोन टोपल्या उतरवल्या आणि तशाच कपाटात ठेवून आला. महिन्यानं किसून जिनमध्ये दहा दिवस मुरवायच्या, असा बेत होता.

यानंतर दोन आठवड्यांनी आवारातली ती गोष्ट झाली. चार वाजले होते. फोस्का क्रेटांपाशी लोरिआनोसमोर व्हर्मूथचा ग्लास हातात धरून उभी होती आणि मागच्या दारातून औषधवाला उगोलिनी सिगारेट ओढायला बाहेर आला. रोजचं गिऱ्हाईक, जिभेचा तिखट. त्यानं फोस्काला ओळखलं नाही, कसं ओळखणार, वीस वर्षांत बघितली नव्हती. त्यानं लोरिआनोला विचारलं, ही कोण?

"भांडी घासायचं काम विचारायला आलीये," लोरिआनो म्हणाला. "लांब उभा राहा. चिंध्यांवाली आहे, कपड्यांना लागेल तुझ्या."

उगोलिनी हसला आणि खरोखरच दोन पावलं मागे सरकला. सिगारेट संपवून तो आत गेला. दार लागल्याबरोबर लोरिआनोनं घाईघाईत विचारलं, व्हर्मूथ ठीक आहे ना? फोस्का म्हणाली, ठीक आहे. तो ग्लास घेऊन आत गेला. ती चालत घरी आली, जिन्याखालच्या मोरीपाशी थांबली आणि तिथं पायरीवर बसून राहिली. चिंध्यांवाली म्हटल्याचं तिला काही नव्हतं, ती होतीच. त्याला काहीही सांगता आलं असतं. शेजारीण आहे म्हणता आलं असतं. हाच शब्द त्याच्या तोंडात तयार होता, आणि ज्या नाकावर तो उभा होता त्या नाकासमोर तो बोलला होता.

त्या रविवारी ती एक ब्लँकेट आणायला आर्जाच्या घरी गेली. वरच्या खोलीत दोन कपाटं असायची. चादरींचं कपाट नणंदेनं मयतानंतर चादरींसकट उचलून नेलं होतं. उरलं होतं ते लोकरीच्या कपड्यांचं. फोस्कानं ते उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा भपकारा तोंडावर आला. आर्जा कसरीला फार भिई. फाटक्या मोज्यांच्या पंजात मूठ मूठ गोळ्या बांधून ती ब्लँकेटांच्या घडीघडीत खुपसून ठेवी, वरून काही दिसायचं नाही. आणि त्याच घड्यांवर, सगळी पिवळीधमक, लोरिआनोच्या बिहीची फळं ओळीनं मांडलेली होती. ज्याला नाक आहे त्यानं हे कपाट उघडून परत लावलं असतं. लोरिआनोनं आई ठेवायची तशी फळं ठेवली होती आणि निर्धास्त परत आला होता.

तिनं एक फळ उचलून नाकाला लावलं. वरून बिही, आतून डांबर. हे जिनमध्ये किसलं तर जिन सगळं शोषून घेईल हे कळायला बार चालवावा लागत नाही. अजून वेळ होता, झाडावर वीसेक फळं लोंबत होती. घरी जाऊन दोन वाक्यं बोलायची होती, बस. यानं कुणी मरणार नाही, थुंकतील, हे तिनं स्वतःशी नीट ठरवलं. मग फळ होतं तिथं ठेवलं, ब्लँकेट न घेता कपाट लावलं आणि बसनं परत आली.

दहा दिवस मुरल्यावर लोरिआनोनं बरणी स्वयंपाकघरात आणली. सामान्तानं चव मागितली होती, तिला त्यानं उडवून लावलं होतं, माझं काम त्या दिवशीच बघायचं म्हणून. हा त्याचा जुना माज. बरणीशी फक्त फोस्का होती. झाकण उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तिच्या तोंडाकडे आशेनं बघत होता, आणि ती आशा बघून तिचं मन एकदा डगमगलं, हेही सांगायला हवं.

"काय येतंय?" त्यानं विचारलं.

"बिही."

"आणि?"

"आणि काही नाही. चांगली आहे."

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि असा हात त्यानं कधी ठेवला असेल तर तिला आठवत नव्हतं. तो हात खांद्यावर असतानाच तिनं बरणीचं झाकण लावलं.

सात डिसेंबरला सहा वाजता बार भरला होता. सामान्तानं फोस्काला स्वतः फोन करून बोलावलं, तुम्ही कधीच येत नाही म्हणून. फोस्का आत आली आणि कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी राहिली. उगोलिनीनं तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि नजर वळवली. काउंटरवर मेणबत्त्या होत्या, ताटल्यांत कोंबडीचं काळीज वाटून लावलेले पाव होते, आणि एका परातीत शोभेला बिहीची फळं. लोरिआनोचं जाकीट फोस्कानंच कडक इस्त्री केलेलं. त्यानं पहिला ग्लास बनवला, बर्फ फिरवला, संत्र्याची साल पिळली, आणि मग ग्लास कुणाला न देता काउंटरच्या बाहेर आला. लोकांनी वाट दिली. तो थेट खुंट्यांपाशी आला.

"पहिला घोट माझ्या बायकोचा," तो मोठ्यानं म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रातल्या बाईनं कौतुकानं मान हलवली. फोस्काला त्या टाळ्यांचा अर्थ कळत होता आणि ग्लासाचाही. त्याला शेवटची खात्री करून घ्यायची होती, आणि त्यासाठी त्यानं बायकोचा मान उभा केला होता. तिनं ग्लास नाकाशी नेला. संत्र्याच्या सालीनं काही झाकलं नव्हतं. तिच्या तोंडून एक शब्द गेला असता, बर्फ कमी आहे, थांब जरा, काहीही, तरी त्यानं बरणी फोडली असती आणि साधी नेग्रोनी देऊन वेळ मारून नेली असती. तो वाकून पुटपुटला, कशी आहे?

ती एक मोठा घोट प्यायली. गिळला.

"अशीच दे सगळ्यांना," ती म्हणाली.

तीस ग्लास गेले. लोकांनी उचलले, ओठाला लावले, आणि बोलणं हळूहळू थांबलं. आमचे लोक यजमानासमोर तोंड वाकडं करत नाहीत, म्हणून कुणी खोकलं, कुणी पाव उचलला. वर्तमानपत्रातल्या बाईनं ग्लास ठेवला आणि तोंड पुसलं. सामान्तानं वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. लोरिआनो सगळ्यांकडे बघत हसत होता. उगोलिनीनं मात्र वास घेतला, पुन्हा घेतला, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"लोरिआनो," उगोलिनी गोड आवाजात म्हणाला, "फार दिवसांत खेळ नाही झाला. हे काय आहे, जरा डोळे मिटून सांग ना."

लोरिआनोला नाही म्हणता येईना. त्यानं स्वतःचाच ग्लास घेतला, डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या. बिही, तो म्हणाला. माझ्या आईच्या घरची. स्वच्छ धुतलेल्या चादरींचा वास आहे मागे. मान डोलावत त्यानं ते अगदी सावकाश सांगितलं, पूर्वी सांगायचा तसं. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"आणि हे?" उगोलिनीनं काळजाचा पाव त्याच्या नाकाखाली धरला. लोरिआनोचे डोळे मिटलेलेच होते. आपण पकडले गेलो हे त्याला कळलं होतं, फोस्काला त्याच्या मानेवरच्या शिरेवरून कळलं की त्याला कळलं आहे. तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर सगळं संपलं असतं. तो म्हणाला, लिंबू. कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्यानं आपली विझलेली सिगार धरली. लोरिआनो म्हणाला, कॉफी. आता हसू उसळलं. ज्याचा संसार मोडला होता तो माणूस त्या गर्दीत होता की नाही, कोण जाणे, पण त्याच्यासारखे बरेच होते, चाळीस वर्षं कधी ना कधी या माणसानं वास घेऊन लाज काढलेले. ते पुढे सरकले. कुणी बूट काढला. कुणी सिंकमधलं ओलं फडकं पिळून त्याच्या ओठांजवळ नेलं आणि लोरिआनो हळू आवाजात म्हणाला, संत्रं.

सिगारपर्यंत फोस्काला बरं वाटत होतं, आतून गरम वाटत होतं. फडक्याशी ते थांबलं. तिला ओरडावंसं वाटलं आणि ओरडता आलं नाही, कारण आता ओरडून ती काय सांगणार होती? लोरिआनोनं शेवटी डोळे उघडले. तो उगोलिनीकडे बघेल असं तिला वाटलं होतं. त्यानं सरळ खुंट्यांकडे बघितलं.

दोघं घरी आली. जिन्यात तो थांबला.

"ग्लास हातात घेतलास तेव्हा कळलं?"

"नाही," ती म्हणाली. "त्याआधी. आर्जाचं कपाट उघडलं तेव्हा."

त्यानं बोटांवर दिवस मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. भिंत धरून तो वर गेला आणि जाकिटासकट पलंगावर आडवा झाला. फोस्कानं रात्रभर स्वतःला सांगितलं की फिटलं. फिटलं तर होतंच, पण ते मनात ठेवायला जागा सापडत नव्हती.

तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. दाढी वाढली, खाणं टाकलं. टेबलाशी बसून तो ग्लास पुसत राही, एकच ग्लास, उजेडात धरून, परत पुसत. चौथ्या दिवशी दुपारी फोस्का त्याचा चाकू आणि बूट आणायला बारमध्ये गेली. आता समोरच्या दारातून गेली, लपायचं काही उरलं नव्हतं. सामान्तानं तिला कॉफी दिली आणि थोडी घुटमळली.

"तीन दिवस लोक नेग्रोनी नाही मागत, सिन्योरा," ती म्हणाली. "खेळ मागतात. फ्लोरेन्सहूनही कुणीकुणी येऊन गेले. संध्याकाळी एक तास, सहा ते सात. जाकीट तेच. आतच उभं राहायचं, मधूनमधून एखादा ग्लास बनवायचा. वाईट मानू नका. विचारा त्यांना."

फोस्काला त्या पोरीच्या तोंडात मारावंसं वाटलं. पण ती वाईट बोलत नव्हती, गल्ल्याचं बोलत होती. फोस्कानं चाकू आणि बूट पिशवीत घातले आणि घरी आली. लोरिआनो टेबलाशी होता. तिला बघून तो अर्धवट उठला.

"काय म्हणाली सामान्ता?"

एकदा खोटं बोलून तिनं त्याचं वाटोळं केलं होतं, दुसऱ्यांदा तिला बोलवेना. पिशवी खाली ठेवून ती त्याच्यासमोर बसली.

"बोलावलंय. सहा ते सात," ती म्हणाली. "हसायला बोलावताहेत तुला. बूट हुंगायला लावतील. नको जाऊस, लोरिआनो. मी सांगते तिला."

त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "काउंटरच्या बाहेर उभं करणार, की आत?"

तिला उत्तर द्यायचं नव्हतं. तो वाट बघत होता, बरणीचं झाकण उघडलं तेव्हा बघत होता तशाच तोंडानं.

"आत," ती म्हणाली.

तो उठला, दाढीचं सामान घेतलं आणि नळाकडे वळला.

"मग जाकिटाला इस्त्री कर," तो म्हणाला. "साडेपाचला निघायला हवं."

फोस्कानं टेबलावर घोंगडी अंथरली, इस्त्री तापत ठेवली आणि जाकीट पसरलं. छातीवर त्या दिवशीच्या ओल्या फडक्याचा डाग होता, तो आधी धुऊन काढावा लागला.